सरकणाऱ्या उजेडाची गवाही

डोंगरासमोर बसून चित्र काढणाऱ्याला एक प्रश्न दर वेळी पडतो, आणि तो रंगांचा नसतो. चित्र निम्मे झालेले असते. डावीकडचा कडा जसा दिसला तसा कागदावर उतरलेला असतो. मान वर करून पाहावे तर समोरचा डोंगर तो राहिलेला नसतो. ढग सरकलेले असतात, कड्यावरची सावली दरीत उतरलेली असते, मघाशी निळसर राखाडी असलेली कातळाची भिंत आता तांबूस दिसत असते. उरलेला निम्मा कागद कशाने भरायचा? मघाच्या उजेडाने, जो आता फक्त आठवणीत आहे? की आत्ताच्या उजेडाने, ज्याचा डावीकडच्या कड्याशी काही संबंध उरलेला नाही?

पहिला मार्ग धरला तर जे दिसत नाही ते दिसते म्हणून सांगावे लागते. दुसरा धरला तर कागदावर असा डोंगर तयार होतो, जो कोणत्याही घटकेला अस्तित्वात नव्हता. एका कड्यावर सकाळ आणि दुसऱ्यावर दुपार. पाहणाऱ्याला हे बहुधा कळत नाही. तो म्हणतो, वा, काय हुबेहूब काढले आहे! आणि नेमका इथेच हा प्रश्न कौशल्याचा राहत नाही, इमानाचा होतो. ज्याला खरे-खोटे तपासता येत नाही, त्याच्यापुढे आपण काय ठेवतो आहोत?

आम्ही चार-पाच जण, बहुतेकांनी आयुष्यभर शाळांतून चित्रकला शिकवलेली, गेली कित्येक वर्षे पावसाळ्याच्या शेवटी शेवटी पन्हाळ्याच्या बाजूला चित्रे काढायला जातो. नावाजलेले चित्रकार आमच्यात कोणी नाही. पण हा प्रश्न मात्र आम्ही डबे सोडताना, एस. टी.ची वाट पाहताना, दर वर्षी नव्याने भांडून घेतलेला आहे. त्यातून जे हाती आले ते इथे मांडतो.

आधी बदलते काय ते पाहू. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. म्हणजे दोन तास बसलेल्या माणसासमोर सूर्य ३० अंश सरकून जातो. कागदावर हा आकडा लहान वाटतो. डोंगरावर त्याने सगळे उलटेपालटे होते. पन्हाळ्याच्या पश्चिम तटावरून मसाईच्या पठाराकडे पाहावे. सकाळी सूर्य आपल्या पाठीमागे असतो. समोरचा उतार सरळ उजेडात, सावली कमी, त्यामुळे रंग स्वच्छ दिसतात: गवताचा पिवळट हिरवा, पठाराच्या कडेला जांभ्याचा तांबडा, खाली काळा कातळ. अकराच्या सुमाराला दरीतून वाफ उठू लागते आणि डोंगराचे पाय नाहीसे होतात. भर दुपारी सगळे चपटे. तीननंतर सूर्य समोर येतो आणि त्याच डोंगराचे रंगच निघून जातात. उरतात फक्त एकामागे एक उभ्या असलेल्या कडा, जवळची गडद, पलीकडची फिकी, त्यापलीकडची आभाळात विरत चाललेली. सकाळी जो ओबडधोबड, जड डोंगर होता, तो दुपारनंतर कापून चिकटवलेल्या कागदासारखा दिसतो.

यात पाऊस धरलेला नाही. सप्टेंबरात एक सर येऊन गेली की जांभा ओला होतो आणि त्याचा विटकरी रंग दाट तपकिरी होतो. दहा मिनिटे ऊन पडले की पुन्हा फिका. कोकणातल्या वाचकांना हे सांगायला नको. घराच्या चिऱ्यांवर हा खेळ त्यांनी लहानपणापासून पाहिलेला आहे. शिवाय हवेतल्या ओलाव्याने जलरंग वाळत नाहीत. घरी पाच मिनिटांत सुकणारा वॉश तिथे अर्धा तास ओलाच राहतो. त्यावर पुढचा रंग ठेवावा तर तो पसरतो, थांबावे तर उजेड जातो. धुके इतके खाली आले की कागदावर बारीक थेंब बसतात आणि अल्ट्रामरीन व बर्न्ट सिएना मिसळून मोठ्या कष्टाने बनवलेल्या कातळाच्या राखाडीत पांढुरके ठिपके उमटतात. आमच्यातला एक जण त्या ठिपक्यांना पावसाची सही म्हणतो. सही म्हणा, नाही तर डाग म्हणा, ते पुसता येत नाहीत.

आणि डोळासुद्धा एका जागी थांबत नाही. उन्हात बसून सावलीकडे पाहत राहिले की सावली हळूहळू उजळ वाटू लागते. रंगीत छत्रीखाली बसले तर पांढऱ्या कागदावर त्या छत्रीचा रंग उतरतो. म्हणून जाणते लोक काळी किंवा पांढरी छत्री घेतात. बसऱ्याचे इब्ने हैसम यांनी अकराव्या शतकाच्या सुरुवातीला ‘किताबुल मनाजिर’ या ग्रंथात दृष्टीची जी मीमांसा केली, तीत हे मांडलेले आहे की उजेड वस्तूकडून डोळ्यात येतो, आणि तेवढ्याने पाहणे पुरे होत नाही. ओझरते पाहणे वेगळे, निरखून पाहणे वेगळे. निरखण्याला वेळ लागतो आणि त्यात बुद्धीचा निवाडा मिसळलेला असतो. आमच्या प्रश्नाची गाठ इथेच आहे. पाहायला वेळ लागतो, आणि ज्याला पाहायचे ते तेवढा वेळ थांबत नाही.

यावर लोकांनी उपाय काढले नाहीत असे नाही. फ्रान्समधल्या वालाँसिएन नावाच्या चित्रकाराने १८०० साली निसर्गचित्रणावर पुस्तक लिहिले. त्यात त्याने विद्यार्थ्यांना बजावले की उघड्यावरचा अभ्यास दोन तासांपेक्षा जास्त चालवू नये, आणि सूर्योदय-सूर्यास्ताचा असेल तर अर्ध्या तासात उठावे. सल्ला साधा आहे, पण त्यात सचोटी आहे: जेवढे पाहिले तेवढेच लिही. त्या काळी तैलरंग जनावरांच्या मूत्राशयाच्या पिशव्यांतून न्यावे लागत. १८४१ मध्ये जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने दाबून रंग काढायची धातूची नळी काढली आणि चित्रकार मोठ्या संख्येने घराबाहेर पडले. सोय झाली, तसा प्रश्नही वाढला.

इंग्लंडचा कॉन्स्टेबल १८२१ आणि १८२२ मध्ये लंडनजवळच्या हॅम्पस्टेडच्या माळावर बसून नुसत्या ढगांची चित्रे काढत होता. चित्राच्या पाठीमागे तो तारीख, वेळ आणि वारा कुठून वाहतो ते लिहून ठेवी. आम्हांला त्या चित्रांइतकीच त्यांची पाठ आवडते. हदीस सांगणारा आधी सनद सांगतो, कोणाकडून ऐकले, त्याने कोणाकडून ऐकले, मग मजकूर. कॉन्स्टेबलच्या ढगांना अशी सनद आहे. चित्र सुंदर आहे की नाही हा नंतरचा भाग. ते कोणत्या घटकेची गवाही देते हे त्याने आधी बांधून घेतले आहे.

मोनेचा उपाय वेगळा. तो एकाच विषयाचे अनेक कॅनव्हास सोबत ठेवी आणि उजेड बदलला की कॅनव्हास बदली. त्याच्या गवताच्या गंज्या आणि रुआँचे चर्च पुष्कळांनी छापील चित्रांत पाहिलेले असते. पण १८९५ च्या हिवाळ्यात तो नॉर्वेला गेला आणि तिथे कोलसोस नावाचा एक बर्फाळ डोंगर त्याने पुन्हा पुन्हा रंगवला, तेरा वेळा, हे कमी जणांना ठाऊक असते. तेरा चित्रे, डोंगर एक. कधी निळा, कधी गुलाबी, कधी नुसताच धुक्यात बुडालेला. त्यातला खरा कोलसोस कोणता असे विचारले तर मोनेने बहुधा प्रश्नच नाकारला असता. त्याने एकाही चित्रावर सगळ्या डोंगराचा भार टाकलेला नाही.

हे उपाय ऐकायला ठीक आहेत. आमच्यासारख्याला तेरा कॅनव्हास परवडत नाहीत ही गोष्ट वेगळी.

आता आपल्या घरातल्या गोष्टीकडे येऊ. मुसलमान घरातल्या मुलाने चित्र काढायला घेतले की एक वाद त्याच्या आधीच घरात येऊन बसलेला असतो. सहीह बुखारीत एक रिवायत आहे. हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्याकडे चित्रे काढून पोट भरणारा एक माणूस येतो. ते त्याला चित्रकारांविषयी हुजूर (स.) यांनी दिलेला इशारा ऐकवतात. त्या माणसाचा श्वास अडकतो, चेहरा फिका पडतो. मग ते त्याला सांगतात की काढायचेच असेल तर झाडे काढ, ज्यात रूह नाही ते काढ. या रिवायतीचा अर्थ कुठवर लावायचा यावर जाणत्यांमध्ये मतभेद आहेत आणि तो वाद इथे पुन्हा उकरायचा नाही. सांगायचे एवढेच की आमच्यापैकी बऱ्याच जणांना निसर्गचित्राचे दार त्यामुळे उघडले. एकाच्या अब्बांनी घरात माणसाचे चित्र कधी लागू दिले नाही, पण मुलाने काढलेला जोतिबाचा डोंगर त्यांनी स्वतः खिळा ठोकून बैठकीत टांगला, आणि आल्यागेल्याला ते तो दाखवत.

पण त्या रिवायतीतला त्या माणसाचा फिका पडलेला चेहरा आम्हांला नेहमी आठवतो. इब्ने अब्बासांनी त्याला वाट दिली, त्याची रोजी तोडली नाही. ती वाट घेणाऱ्याने मात्र असे समजू नये की डोंगराला रूह नाही म्हणून डोंगराबद्दल काहीही सांगावे. चेहरा चुकला तर ज्याचा चेहरा आहे तो उठून बोलेल. डोंगर बोलणार नाही. जो स्वतः तक्रार करू शकत नाही त्याच्याबद्दल बोलताना जबाबदारी वाढते की कमी होते? यतीमाच्या मालाबद्दल जे उत्तर आपण देऊ, तेच इथेही द्यावे लागेल.

कुरआनात सूरह फातिरमध्ये डोंगरांतल्या पांढऱ्या, तांबड्या आणि गडद काळ्या पट्ट्यांकडे लक्ष वेधले आहे. रंगांतला फरक हीच तिथे खूण आहे. आणि सूरह नम्लमध्ये असे सांगितले आहे की जे डोंगर तुम्हांला जागच्या जागी घट्ट वाटतात ते ढगांसारखे चालत जातील. तफसीरकार बहुधा हे कयामतच्या दिवसाचे वर्णन मानतात, आणि आम्ही त्यात आमचे शहाणपण घुसवत नाही. पण ज्याने ढगाळ दुपारी मसाईचे पठार रंगवायचा प्रयत्न केला आहे, त्याला ती आयत वाचताना थोडे थांबावेसे वाटते.

आणखी एक गोष्ट. उजेड निरखणे हे आपल्याकडे चित्रकारांचे काम नव्हते, सगळ्यांचे होते. दिवसाच्या पाचही वेळा उजेडावर आणि सावलीवर बांधलेल्या. फजरसाठी सुबह सादिक ओळखावी लागते. तिच्या आधी एक उजेड येतो, क्षितिजापासून वर उभा चढणारा, लांडग्याच्या शेपटीसारखा. थोड्या वेळाने तो विरतो. ती सुबह काजिब, खोटी पहाट. खरी पहाट क्षितिजावर आडवी पसरते आणि वाढत जाते. उजेडालासुद्धा सादिक आणि काजिब अशी नावे देणारे लोक काय नजरेचे असतील! अस्रचे पाहा. माध्यान्हीची मूळ सावली वजा करून वस्तूची सावली वस्तूएवढी झाली की शाफईंच्या मते अस्र सुरू होते. हनफींच्या प्रचलित मतानुसार ती दुप्पट व्हावी लागते. म्हणून कोकणातला पाहुणा घाटावर आला की त्याला मशिदीत अस्रची अजान उशिरा वाटते. काठी एक, सावली एक, निवाडे दोन, आणि कोणी कोणाची नमाज बातल ठरवत नाही.

आता हे सगळे मशिदीच्या भिंतीवरच्या तक्त्यात मिनिटासकट छापलेले असते. त्याला आमचा विरोध नाही. शहरात सूर्य दिसतोच कुठे? पण तक्ता पाहून नमाजला उठणाऱ्याला कड्यावरची सावली कुठवर आली हे सांगता येत नाही, आणि पूर्वीच्या अडाणी मेंढपाळाला ते येत होते. पन्हाळ्यावर आम्ही घड्याळ पिशवीत ठेवतो. नमाजला उठायचे आणि ब्रश खाली ठेवायचा, दोन्ही गोष्टी एकाच सावलीवर ठरतात. नमाज आटोपून परत यावे तो डोंगर बदललेला असतो, हेही खरे.

आमच्यातल्या एका मित्राला ही सगळी चर्चाच मंजूर नाही. तो म्हणतो, चित्र म्हणजे पंचनामा आहे का? ते कोणत्या कोर्टात हजर करायचे आहे? शायर चंद्राला माशूक म्हणतो, त्याला कोणी खोटारडा म्हणत नाही. मग चित्रकाराने सकाळचा कडा आणि दुपारचे आभाळ एकत्र आणले तर बिघडले काय? पाहणाऱ्याला आनंद झाला, काम झाले. शिवाय, तो पुढे म्हणतो, तुमच्या त्या दोन तासांच्या चित्रातसुद्धा दोन तास आहेतच. पहिला फटकारा नऊचा, शेवटचा अकराचा. एका घटकेचे चित्र जगात कोणी काढलेलेच नाही, मग कसल्या सचोटीच्या गप्पा?

हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याला उत्तर शोधताना आम्ही उस्ताद मन्सूरपर्यंत मागे गेलो. १६२० मध्ये जहांगीर बादशहा काश्मीरला गेला तेव्हा मन्सूरने तिथली शंभरावर फुले रंगवली असे बादशहाने आपल्या आठवणींत नोंदवले आहे. मोगल चित्रांत पडछाया जवळजवळ नसतात. उजेड चहूकडून सारखा येतो. फूल सकाळचे की संध्याकाळचे हे सांगता येत नाही, कारण चित्राने ते सांगायचे पत्करलेलेच नाही. त्या चित्राचा दावा फुलाच्या घडणीचा आहे: पाकळ्या किती, देठ कसा. तेवढ्यात ते सच्चे आहे. शायराचेही तसेच. चंद्र ही माशूक आहे असा दावा तो करत नाही हे ऐकणाऱ्याला आणि त्याला, दोघांना ठाऊक असते.

खोटेपणा दाव्यात असतो. ज्या चित्रात एका दिशेने उजेड येतो, कड्यांना सावल्या आहेत, दरीत वाफ आहे, ते चित्र पाहणाऱ्याला सांगते, मी तिथे होतो आणि तेव्हा असे होते. एकदा असे म्हटल्यावर जे पाहिले नाही ते पाहिले म्हणून घुसवता येत नाही. दोन तास लागले यात दगा नाही. कोणत्याही गवाहाला सांगायला वेळ लागतोच. दगा तिथे आहे, जिथे महाबळेश्वरच्या धुक्यात दिवसभर काही दिसले नाही, आणि संध्याकाळी खोलीवर बसून धुक्यामागे केशरी सूर्यास्त काढला, कारण गिऱ्हाईक तोच घेते. आम्ही अशी चित्रे काढणाऱ्यांना नावे ठेवत नाही. पोट सगळ्यांनाच आहे, आणि इब्ने अब्बासांकडे आलेला माणूसही पोटाचेच सांगत होता. पण त्याला निसर्गचित्र म्हणायचे आणि वर प्रत्यक्ष जागेवर काढले असे सांगायचे, हे आम्हांला पटत नाही.

आता मोबाइलच्या कॅमेऱ्याने हा तिढा सुटला असे कोणी म्हणतात. फोटो घ्या, घरी जा, निवांत रंगवा. पण फोटोतल्या सावल्या काळ्या ठिक्कर पडतात, जिथे डोळ्याला निळे-जांभळे दिसत होते. आणि मुख्य म्हणजे क्षणाच्या शंभराव्या हिश्शात पकडलेला डोंगर आपण पाहिलेला नसतो. तो यंत्राने पाहिलेला असतो. दुसऱ्याची गवाही आपल्या नावावर देण्यासारखेच ते आहे.

या वादात एक माणूस आमच्या सगळ्या हिशोबांना पुरून उरतो. पॉल सेझान. दक्षिण फ्रान्समधल्या एक्स गावचा, जन्म १८३९. गावाजवळ सेंत-व्हिक्तुआर नावाचा चुनखडीचा डोंगर आहे, १,०११ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईहून बराच ठेंगणा. सेझानने तो तीसहून अधिक तैलचित्रांत आणि अनेक जलरंगांत काढला, आयुष्याच्या अखेरपर्यंत. त्याला मोनेची घाई नव्हती. एकेक फटकारा ठेवायला तो फार वेळ घेई. त्याचे चित्र महिनोन्‌महिने चाले. म्हणजे दोन तासांचा नियम त्याने पार मोडला. शंभर सकाळी आणि शंभर दुपारी त्याच्या एका डोंगरात येऊन बसल्या आहेत. मग तो खोटा का वाटत नाही?

आमच्या मते याचे कारण त्याने सोडलेल्या जागा. त्याच्या उत्तरार्धातल्या चित्रांत, जलरंगांत तर अधिकच, मध्येच कोरा कागद, कोरा कॅनव्हास दिसतो. डोंगराच्या उतारावर, झाडांच्या मध्ये, आभाळात. लोक म्हणत, चित्र अपुरे राहिले. पण त्या जागी कोणता रंग ठेवावा याची खात्री होईपर्यंत तो ठेवायचा नाही. अंदाजाने भरायचे नाही, आधीच्या चित्रावरून उचलायचे नाही. त्याने घटकेची गवाही सोडून दिली होती. डोंगराबद्दल जे अनेक उजेडांतून टिकून राहते तेवढेच सांगायचे त्याने ठरवले होते. आणि जे ठरले नाही ते कोरे. १९०६ च्या सप्टेंबरात, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, त्याने मुलाला लिहिलेल्या पत्रात असा भाव आहे की एकाच जागी उभे राहून मान जराशी डावीकडे-उजवीकडे वळवली तरी कित्येक महिन्यांचे काम निघते. पुढच्याच महिन्यात तो उघड्यावर चित्र काढत असताना वादळी पावसात सापडला, कोसळला, धोब्याच्या गाडीतून त्याला घरी आणले. दुसऱ्या दिवशी उठून पुन्हा कामाला बसला. आठवडाभरात तो गेला.

वाचक म्हणतील, डोंगराचे एवढे काय घेऊन बसलात? उत्तर असे की डोंगरावर जी सवय लागते ती माणसांवरही चालते. आपल्या मोहल्ल्यांची चित्रे घ्या. ईदच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात गळाभेट घेणारी दोन गोंडस मुले येतात. कुठे काही घडले की बंद शटर, अरुंद गल्ली आणि पोलिसांची गाडी येते. दोन्ही फोटो खरे आहेत; कोणी बनवलेले नाहीत. पण वर्षाचे उरलेले दिवस? मंगळवारी सकाळी अकरा वाजता गॅसच्या टाकीची वाट पाहत दारात बसलेली नानी, दहावीच्या निकालाला रजा टाकून घरी थांबलेला बाप, नळाला पाणी आले म्हणून अर्धवट सोडलेले भांडण, हा उजेड कोणाच्याच चित्रात नसतो. आणि चित्र तर पूर्ण दिसते. एकही जागा कोरी सोडलेली नसते. जे माहीत नाही तिथे आधीच्या चित्रातला रंग उचलून लावलेला असतो.

हे बाहेरचेच करतात असे मात्र नाही. सोयरिकीच्या वेळी एका तासाच्या बैठकीत पाहिलेल्या मुलीबद्दल आपल्या बायका जे ठाम सांगतात, दुसऱ्या मसलकच्या शेजाऱ्याबद्दल जे आपण एका वादावरून ठरवून टाकतो, त्यातही अकराचा उजेड आणि पाचची सावली एकाच चेहऱ्यावर लावलेली असते. कोणी विचारले, तुम्ही स्वतः पाहिले का, तर राग येतो.

आपल्या बाजूचा एक मुसलमान चित्रकार या संदर्भात आम्हांला सतत जवळचा वाटतो. कोल्हापूरचे आबालाल रहिमान. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, परत येऊन शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार झाले, आणि कोटितीर्थाच्या काठी फकिरासारखे राहिले. दरबारासाठी लागणारी चित्रे त्यांनी काढली. पण मन रमले ते कोटितीर्थ, रंकाळा, पंचगंगा यांच्या काठांवर. पॅरिसला जाणे तर दूरच, मोनेचे नाव तरी त्यांच्यापर्यंत किती पोचले असेल कोण जाणे. तरी त्याच पाण्याला, त्याच झाडांना ते वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या ऋतूंत सामोरे गेले. १९२२ मध्ये शाहू महाराज गेले. त्यानंतर आबालालांनी आपली असंख्य चित्रे कोटितीर्थाच्या पाण्यात सोडून दिली असे कोल्हापुरात सांगितले जाते. १९३१ मध्ये ते वारले. पाण्यात गेलेल्या चित्रांत कोणत्या सकाळी होत्या आणि कोणत्या संध्याकाळी, ते आता कोणीच सांगू शकणार नाही. जी उरली त्यांच्यावरून लोक त्यांची थोरवी ठरवतात, आणि ती मोठीच आहे.

आम्ही हल्ली चित्राच्या पाठीमागे तारीख, वेळ, वारा आणि धुके कुठून आले ते पेन्सिलीने लिहितो. ज्या भागाचा उजेड हातून निसटला तो कागद पांढरा ठेवतो. फ्रेमवाल्याला हे रुचत नाही. तो विचारतो, सर, इथे राहिले का काही? कधी कधी तो स्वतःच त्या जागेवर माउंट सरकवून ती झाकायला बघतो. अलीकडे एका शिबिरात नव्या मुलांनीही तेच विचारले, आणि एका मुलीने तर आमच्या समोरच स्वतःच्या चित्रातले आभाळ निम्मे कोरे ठेवून पाठीमागे लिहिले, “ढग आले, मग दिसले नाही.”

कोल्हापूरला गेलो की कोटितीर्थावर थोडा वेळ बसतो. आबालालांच्या चित्राची एखादी छापील प्रत कोणाच्या तरी पिशवीत असते. आसपासचे पुष्कळ बदलले आहे, पण पाणी आहे. सावल्यांची लांबी पाहून त्यांनी चित्र कोणत्या वेळी काढले असेल ते ओळखायचा आम्ही प्रयत्न करतो. एक म्हणतो अस्रच्या आधीचे, दुसरा म्हणतो फजरनंतरचे. आमच्यातला शाफई आणि आमच्यातला हनफी, दोघे अस्रवरूनच पुन्हा वाद घालू लागतात, आणि तोवर समोरच्या पाण्यावरचे ऊन काठावर चढलेले असते.